रॉबर्ट स्मॉल्स : ब्यूफर्टचा लोकप्रतिनिधी



इ. स. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ज्या सदाचारी लोकांनी आपल्या देशातून दास्यप्रथेचे उच्चाटन केले त्यांना तो आदरपूर्वक अर्पण केला, ही गोष्ट आपणां सर्वांस विदित आहे. त्या अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. आणि पुण्यात बसून, हजारो कोसांवरच्या एका लोकसमूहाशी आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांचे नाते ओळखणाऱ्या त्या पुरुषाने तो करावा हे सर्वथा उचितच होते. परंतु जे मुक्त झाले त्यांनी पुढे काय केले, मिळालेले स्वातंत्र्य कोणत्या कायद्यांत आणि कोणत्या संस्थांत रुजविण्याचा प्रयत्न केला, याची माहिती मात्र आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. ज्या वर्षी 'गुलामगिरी' पुण्यात वाचली जात होती, त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायना संस्थानच्या राजधानीत, कोलंबिया येथे, तेथील वरिष्ठ सभागृहात चौतीस वर्षे वयाचा एक सभासद बसत असे. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तो मनुष्य नव्हता, एका गृहस्थाची जंगम मिळकत होता. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. आजचे व्याख्यान त्याच्या सार्वजनिक चरित्राविषयी आहे.

स्मॉल्सचे नाव जेथे जेथे निघते तेथे त्याने एका रात्री पळवून नेलेल्या आगबोटीची कथा सांगितली जाते, आणि ती सांगून संपली की श्रोते टाळ्या वाजवून घरी जातात. ती कथा मीही सांगणार आहे, कारण ती खरी आहे आणि थोरही आहे. परंतु माझे म्हणणे असे की, या मनुष्याचे खरे कर्तृत्व त्या रात्रीनंतरच्या तेहतीस वर्षांत आहे, आणि त्या कर्तृत्वाचे मूळ शोधायचे तर ते ब्यूफर्ट नावाच्या एका लहानशा गावात आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरील शेतजमिनीत शोधले पाहिजे.

ब्यूफर्ट हे दक्षिण कॅरोलायनाच्या समुद्रकाठचे गाव. भोवती खाड्या, दलदल आणि बेटांची रांग. बेटांवर लांब धाग्याचा उत्कृष्ट कापूस आणि नदीमुखांच्या काठी भात. या दोन्ही पिकांची लागवड गुलामांच्या श्रमावर चाले, आणि त्यामुळे त्या जिल्ह्यात कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक होती. अशा ठिकाणी, ५ एप्रिल १८३९ रोजी, मॅकी घराण्याच्या प्रिन्स स्ट्रीटवरील वाड्यामागच्या गुलामांच्या खोलीत रॉबर्टचा जन्म झाला. त्याची आई लिडिया ही त्या घरातील दासी. घरकामात असल्यामुळे मुलाला शेतावरच्या गुलामांचे हाल सोसावे लागत नव्हते. परंतु या सुखाने तो आपली खरी स्थिती विसरेल या भीतीने, चाबकाचे फटके कोठे आणि कसे मारतात, माणसांचा लिलाव कसा होतो, हे आईने त्याला मुद्दाम नेऊन दाखविले, अशी त्या कुटुंबात परंपरेने चालत आलेली हकिगत आहे. ज्या बाईच्या हाती मुलाला देण्यासारखे दुसरे काहीच नव्हते तिने त्याला सत्याचे दर्शन दिले, आणि माझ्या मते त्याच्या सर्व शिक्षणाचा तोच श्रीगणेशा होय.

बाराव्या वर्षी त्याला चार्ल्सटन शहरात मजुरीवर पाठविण्यात आले. तेथे त्याने खाणावळीत वाढप्याचे काम केले, रस्त्यावरचे दिवे लावले, धक्क्यावर माल चढविला-उतरविला, शिडे शिवली, आणि अखेर गलबतांचे सुकाणू धरण्यापर्यंत मजल मारली. मिळकतीचा मोठा हिस्सा मालकाच्या पदरात पडे. १८५६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी हॅना नावाच्या, स्वतःही दास्यात असलेल्या स्त्रीशी त्याने लग्न केले. मुलगी झाली, तेव्हा ती जन्मतःच आईच्या मालकाची मिळकत झाली. बायको आणि मूल यांना विकत घेऊन मोकळे करण्यासाठी त्याने त्यांच्या मालकाशी आठशे डॉलरचा सौदा ठरविला होता. स्वतःच्या पोटच्या मुलीची किंमत बोलून ठरविणाऱ्या बापाच्या मनात काय चालले असेल याची कल्पना आपण करू नये हेच बरे. ती रक्कम पुरी जमण्यापूर्वीच यादवी युद्ध सुरू झाले.

दक्षिणेच्या बंडखोर संस्थानांनी 'प्लँटर' नावाची कापूस वाहणारी आगबोट लष्करी कामाकडे घेतली, आणि स्मॉल्स तिच्यावर सुकाणूदार झाला. काम तांडेलाचे, पण तो हुद्दा मात्र काळ्या माणसास देण्याची वहिवाट नव्हती. चार्ल्सटनच्या बंदरातील खडक, सुरुंग, किल्ल्यांचे खुणेचे भोंगे हे सारे त्याला मुखपाठ झाले. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरा कप्तान आणि त्याचे दोघे अधिकारी नियम मोडून रात्री किनाऱ्यावर झोपावयास गेले असता, स्मॉल्स आणि त्याचे कृष्णवर्णीय सोबती यांनी बोटीचा बाष्पक पेटविला, दुसऱ्या धक्क्याशी लपून बसलेल्या बायकामुलांना घेतले, आणि बंडखोरांचे निशाण फडकवीत ती बोट समुद्राकडे हाकली. कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर घालून, त्याच्याच ढबीने कठड्याशी उभा राहून, स्मॉल्सने वाटेवरील प्रत्येक ठाण्याला बिनचूक खूण दिली. सम्टरच्या प्रचंड किल्ल्याखालून बोट गेली तेव्हा पहाट फटफटत होती. तोफांच्या पल्ल्याबाहेर पडताच निशाण उतरवून पांढरी चादर चढविली गेली, आणि समोर तोफा रोखून सज्ज झालेल्या 'ऑनवर्ड' या उत्तरेच्या जहाजाने ती वेळेवर पाहिली. सोळा माणसे स्वतंत्र झाली. बोटीवर तोफा होत्या आणि शत्रूच्या खुणांची सांकेतिक वही होती; आणि या दोहोंहूनही मोलाची अशी त्या बंदराच्या संरक्षणाची माहिती स्मॉल्सच्या मस्तकात होती. अमेरिकेच्या विधिमंडळाने त्या महिन्याअखेरच कायदा करून बक्षिसाची रक्कम मंजूर केली. तिच्यापैकी दीड हजार डॉलर स्मॉल्सच्या वाट्यास आले. बोटीची किंमत ठरविताना ती फार कमी धरली गेली, आणि तो अन्याय काही अंशी दूर व्हायला १९०० साल उजाडावे लागले, तेव्हा पाच हजार डॉलर, आधी दिलेली रक्कम वजा करून, मंजूर करण्यात आले.

१८६२ च्याच ऑगस्टात तो एका धर्मोपदेशकाबरोबर वॉशिंग्टनला गेला आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची मागणी युद्धमंत्री स्टँटन यांच्यापुढे मांडण्यात सहभागी झाला. ब्यूफर्ट येथील उत्तरेच्या फौजेचे जनरल सॅक्स्टन यांना पाच हजारांपर्यंत असे शिपाई भरती करण्याची परवानगी त्या महिन्यातच मिळाली. पुढे एप्रिल १८६३ मध्ये सम्टरवर झालेल्या हल्ल्यात 'कीओकक' या चिलखती जहाजाचे सुकाणू त्याच्या हाती होते. नव्वदांहून अधिक गोळे खाऊन ते जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले आणि तो वाचला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्लँटर'वरच शत्रूचा भडिमार चालू असता गोरा कप्तान कोळशाच्या कोठारात दडून बसला, तेव्हा बोट सुखरूप बाहेर काढणाऱ्या स्मॉल्सला तिचे कप्तानपद देण्यात आले. युद्धाचे वर्णन मी येथेच आटोपतो.

आता त्या जमिनीकडे वळू. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी, म्हणजे स्मॉल्सच्या पलायनाच्या सहा महिने आधी, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली, आणि ब्यूफर्टचे गोरे जमीनदार घरदार सोडून पळून गेले. मागे राहिले हजारो गुलाम, ज्यांना मालक उरला नव्हता. उत्तरेतून शिक्षक आले. सेंट हेलेना बेटावर लॉरा टाऊन या बाईंनी १८६२ त 'पेन स्कूल' ही शाळा काढली. आणि त्याच वर्षी विधिमंडळाने बंडखोर मुलुखातील जमिनीवर थेट कर बसविला. मालक पळालेले, कर भरणार कोण? जमिनी सरकारजमा होऊन लिलावास निघाल्या. त्या लिलावांतून आणि नंतरच्या विक्रीतून दहा-दहा, वीस-वीस एकरांचे तुकडे त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या लोकांच्या नावावर चढले. दक्षिणेत इतरत्र मुक्त गुलामाला 'चाळीस एकर' मिळतील अशी आशा दाखवून ती हिरावून घेण्यात आली आणि जुन्या मालकाच्या शेतावर अर्धेलीने राबण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. ब्यूफर्टच्या बेटांवर मात्र स्वतःच्या जमिनीचा स्वतःच्या नावाचा दस्त बाळगणारा काळा शेतकरी निर्माण झाला. ज्याच्या घरची चूल जमीनदाराच्या मर्जीवर पेटत नाही तो मतपेटीपाशी मान ताठ ठेवून जातो. स्मॉल्सच्या राजकारणाचे सारे बळ या एका वस्तुस्थितीत होते, आणि इतर जिल्ह्यांतील त्याचे सहकारी एकेक करून पाडले गेले तेव्हाही तो उभा राहिला याचे कारणही तेच.

स्वतः स्मॉल्सने अशाच एका लिलावात, बक्षिसाच्या पैशातून, प्रिन्स स्ट्रीटवरील तेच घर विकत घेतले, ज्याच्या परसात तो जन्मला होता. युद्ध संपल्यावर द त्रेव्हिल नावाच्या गृहस्थाने जुन्या हक्काच्या आधारे फिर्याद लावली. दावा चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ च्या सत्रात निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. हा निकाल एका घरापुरता नव्हता. कराच्या लिलावात जमिनी घेतलेल्या त्या सर्व लहान शेतकऱ्यांचे दस्त त्यावर अवलंबून होते. युद्धानंतर मॅकी घराण्यातील वृद्ध मालकीणबाई भ्रमिष्ट अवस्थेत त्या घरी परत आल्या आणि स्मॉल्सने त्यांना त्यांच्या जुन्या खोलीत राहू दिले, अशीही एक कथा त्याच्या वंशजांत सांगितली जाते. त्याच्या स्वभावाचे जे अन्य पुरावे आहेत त्यांच्याशी ती विसंगत नाही.

१८६४ साली 'प्लँटर' दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियास नेली असता त्या सक्तीच्या विश्रांतीत स्मॉल्सने शिकवणी लावून लिहावाचावयास शिकून घेतले. तेव्हा त्याचे वय पंचवीस होते. त्याच शहरात, अंगावर पाऊस पडत असता, केवळ वर्णामुळे त्याला ट्रॅममधून उतरविण्यात आले, आणि युद्धातील वीराचा असा अपमान झाल्याने उठलेल्या क्षोभाला तीन वर्षांनी फळ येऊन पेनसिल्व्हेनियात ट्रॅममधील भेदभाव कायद्याने बंद झाला. ब्यूफर्टला परतल्यावर १८६७ त त्याने तेथे रिपब्लिकन पक्षाची संघटना उभारण्यास हात लावला आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी एक दुमजली इमारत इतरांच्या साहाय्याने विकत घेतली.

आणि मग १८६८ ची घटना परिषद. १४ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत चार्ल्सटनमध्ये भरलेल्या या परिषदेत १२४ सभासद होते व त्यांपैकी ७६ कृष्णवर्णीय होते, आणि या ७६ मध्ये पुष्कळसे तीन वर्षांपूर्वी गुलाम होते. ज्या शहरात त्यांची खरेदीविक्री झाली त्याच शहरात बसून त्यांनी त्या संस्थानची राज्यघटना लिहिली. सर्व प्रौढ पुरुषांस वर्णनिरपेक्ष मताधिकार, सार्वजनिक पदासाठी मालमत्तेची अट रद्द, कर्जापायी कैद बंद, या तिच्यातील तरतुदी पाहिल्या म्हणजे हे अडाणी लोकांचे गोंधळी मंडळ होते हा जो अपवाद विरोधकांनी पसरविला तो आपोआप गळून पडतो. ब्यूफर्टतर्फे निवडून आलेल्या स्मॉल्सने या परिषदेत शिक्षणविषयक ठराव मांडला : सर्व वर्गांच्या लोकांस मोफत खुल्या अशा सार्वजनिक शाळा असाव्यात, आणि सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलास वर्षातून निदान सहा महिने शाळेत जाणे सक्तीचे असावे. चार वर्षांपूर्वी ज्याला आपले नाव लिहिता येत नव्हते त्याने हे सुचविले. दक्षिण कॅरोलायनात तोवर सर्वांसाठी सरकारी शाळांची व्यवस्था अशी नव्हतीच. गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही ती लाभली ती काळ्यांच्या या परिषदेमुळे. आपल्याकडे जोतीरावांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली ती १८८२ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन खंडांतील दोन दडपलेल्या समाजांना एकाच मार्गाने जावेसे का वाटले याचा उलगडा होतो. अक्षर हे ज्यांना कायद्याने किंवा रूढीने निषिद्ध होते त्यांनाच त्याची किंमत अचूक कळली होती.

१८६८ सालीच स्मॉल्स संस्थानच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आला. १८७० त जोनाथन जॅस्पर राइट हे कृष्णवर्णीय कायदेपंडित संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश म्हणून गेल्याने ब्यूफर्टची वरिष्ठ सभागृहातील जागा रिकामी झाली, ती स्मॉल्सला मिळाली आणि ती त्याने १८७४ पर्यंत सांभाळली. प्रांतिक शिबंदीत तो सेनानीच्या हुद्द्यापर्यंत चढला. नागरी समानतेच्या कायद्यासाठी तो झटला. पण त्याच्या कामाचा मोठा भाग सभागृहाच्या इतिवृत्तात सापडणार नाही; तो ब्यूफर्टच्या बाजारपेठेत, बेटांवरील प्रार्थनामंदिरांत, धक्क्यावर झाला. तो त्या लोकांच्या 'गला' बोलीत बोले. ती बोली बाहेरच्यांना दुर्बोध आणि शिकलेल्यांना हास्यास्पद वाटे, पण त्याच्या मतदारांची ती मातृभाषा होती.

या संबंधाची खरी कसोटी ऑगस्ट १८७६ मध्ये लागली. कोम्बाही नदीकाठच्या भातशेतीतील मजुरांनी संप केला. जमीनदार त्यांना रोख पैशाऐवजी चिठ्ठ्या देत आणि त्या चिठ्ठ्या जमीनदाराच्याच दुकानात चालत, म्हणजे मजुरी एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घेण्याचा तो प्रकार होता. शेकडो संपकरी लाठ्याकाठ्या घेऊन जमले, समोर बंदुकधारी गोरे उभे राहिले. आणि त्या उन्हाळ्यात रक्त सांडण्यास निमित्त पुरे होते. स्मॉल्स तेथे गेला. त्याने संपकऱ्यांना पांगविले, त्यांच्या पुढाऱ्यांना ब्यूफर्टच्या न्यायासनापुढे स्वखुशीने रुजू होण्यास राजी केले, आणि तेथे ते सुटले. त्या न्यायासनावर आपला माणूस आहे, तेथे आपली दाद लागेल, हा विश्वास असल्यावाचून कोणता मजूर असा चालत कचेरीत जाईल? स्थानिक सत्ता म्हणजे काय हे या प्रसंगाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कोठे दिसलेले नाही.

तोपर्यंत तो वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात पोहोचला होता. १८७४ च्या निवडणुकीत निवडून येऊन मार्च १८७५ पासून त्याची मुदत सुरू झाली. ८ जुलै १८७६ रोजी हॅम्बर्ग या गावी काळ्या शिबंदीवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्या कैद्यांतील काहींना थंडपणे गोळ्या घातल्या. संस्थानातून केंद्र सरकारची फौज काढून घेऊ नये अशी दुरुस्ती मांडताना स्मॉल्सने एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे पत्र सभागृहात वाचले. न्यूयॉर्कच्या कॉक्स नावाच्या सभासदाने पत्रलेखकाचे नाव मागितले. आणखी एका काळ्या माणसाचा जीव जावा म्हणून नाव हवे असेल तर ते माझ्याकडून मिळणार नाही, असे उत्तर देऊन स्मॉल्स स्वस्थ राहिला. मग कॉक्सने दक्षिण कॅरोलायनातील लाचखोरीचे वर्णन करणारे पुस्तक वाचण्यास घेतले, तेव्हा स्मॉल्सने विचारले की न्यूयॉर्क शहराविषयीचे असे पुस्तक आपणाजवळ आहे काय? त्या शहरात नुकताच काय अपहार झाला होता हे जाणणाऱ्या सभागृहाला अधिक स्पष्टीकरण लागले नाही.

तथापि लाचखोरीचा विषय निघालाच आहे, तर त्याला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही. १८७६ च्या निवडणुकीत वेड हॅम्प्टन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने, लाल सदरे घातलेल्या बंदुकधारी स्वारांच्या धाकाने, संस्थानची सत्ता बळकावली. पुढच्या एप्रिलात केंद्राची फौज निघून गेली. आणि नव्या राज्यकर्त्यांनी जुन्यांवर खटले भरण्यास आरंभ केला. स्मॉल्सवर आरोप असा की, वरिष्ठ सभागृहाच्या छपाई समितीवर असता सरकारी छपाईच्या मक्त्यासंबंधाने त्याने पाच हजार डॉलर लाच घेतली. मुख्य साक्षीदार होता वुड्रफ, जो सभागृहाचा चिटणीस आणि त्याच छापखान्याचा भागीदार होता, स्वतः गुन्ह्यात आकंठ बुडालेला होता, संस्थान सोडून पळाला होता, आणि माफीच्या आश्वासनावर परत येऊन साक्ष देत होता. नोव्हेंबर १८७७ मध्ये स्मॉल्सला तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रतिनिधिगृहाच्या जागेचा राजीनामा दिल्यास खटला मिटेल असे आपल्याला सुचविले गेले होते आणि आपण ते नाकारले, असे त्याने पुढे सांगितले. एप्रिल १८७९ मध्ये गव्हर्नर सिम्पसन यांनी त्याला माफी दिली. त्याच्या बदल्यात निवडणुकीतील गैरप्रकारांबद्दल गोऱ्या डेमोक्रॅटांवर केंद्र सरकारने भरलेले खटले काढून घेतले गेले. त्या काळच्या कोलंबियात पैसा सैल हातांनी वाहत होता आणि दोन्ही पक्षांचे हात त्यात बुडाले होते हे मी नाकारीत नाही. परंतु अशा साक्षीदाराच्या बळावर, अशा वेळी, अशा हेतूने झालेल्या निर्णयास न्याय म्हणण्यास माझी जीभ धजत नाही, आणि ज्या माफीची किंमत दुसऱ्या पक्षाच्या गुन्हेगारांच्या सुटकेने चुकती झाली ती पाहिली म्हणजे खटल्याचा हेतू उघड होतो.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निवाडा ब्यूफर्टच्या मतदारांनी दिला. ते त्याला सोडून गेले नाहीत. माफी मिळण्याच्या आदल्या वर्षी, १८७८ च्या प्रचारात, गिलिसनव्हिल येथे लाल सदरेवाल्या स्वारांनी त्याची सभा उधळली आणि तो ज्या दुकानात आश्रयास शिरला त्यावर गोळ्या झाडल्या. ही बातमी पसरताच आसपासचे काळे शेतकरी, हाती जे मिळेल ते घेऊन, शेकड्यांनी धावले आणि स्वार मागे हटले. हे वृत्त लॉरा टाऊन यांनी आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. त्या वर्षी तो पडला. १८८० तही त्याला पराभूत ठरविले गेले. त्याने तक्रार गुदरली, आणि मतमोजणीतील लबाडी सिद्ध होऊन जुलै १८८२ मध्ये ती जागा त्याला मिळाली.

मग कायद्यानेच वाट अडविली गेली. १८८२ त 'आठ पेट्यांचा कायदा' झाला : प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद, आणि पेट्यांच्या जागा हव्या तशा बदलण्याची मोकळीक. निरक्षर मतदाराचा हक्क न काढता त्याचे मत काढून घेण्याची ही युक्ती. ब्यूफर्ट जिल्ह्याचा गोऱ्या वस्तीचा उत्तर भाग तोडून १८७८ तच हॅम्प्टन नावाचा निराळा जिल्हा केलेला होता. आता संस्थानभरचे काळे मतदार एकाच वेड्यावाकड्या सातव्या मतदारसंघात कोंबून बाकीचे सारे मतदारसंघ निर्वेध करण्यात आले. त्या सातव्यातून, तेथला प्रतिनिधी जानेवारी १८८४ त वारल्यावर, स्मॉल्स पुन्हा वॉशिंग्टनला गेला आणि १८८७ पर्यंत तेथे राहिला. १८८६ च्या निवडणुकीत त्याला पाडण्यात आले. या वेळी तक्रारीचा उपयोग झाला नाही. पुढे हॅरिसन अध्यक्ष असता तो ब्यूफर्ट बंदराचा मुख्य जकात अधिकारी नेमला गेला, आणि मधली काही वर्षे वगळता १९१३ पर्यंत तो अंमल त्याच्याकडे होता.

१८९५ सालचा सप्टेंबर. 'पिचफोर्क' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या बेन टिलमनच्या प्रेरणेने कोलंबियात नवी घटना परिषद भरली, आणि १८६८ ची घटना रद्द करून काळ्यांचा मताधिकार संपविणे हा तिचा उद्देश कोणी लपवूनही ठेवला नाही. १६० सभासदांत कृष्णवर्णीय सहा : स्मॉल्स, मिलर, व्हिपर, विग, रीड आणि अँडरसन. यांतला अँडरसन जॉर्जटाऊनचा. बाकी पाचही ब्यूफर्टचे. सत्तावीस वर्षांत ७६ चे सहा झाले, आणि सहांपैकी पाच त्या एका जिल्ह्यातून आले जेथे काळ्या शेतकऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. यापुढे मी काय सांगावे?

त्या परिषदेत टिलमनने जुन्या खटल्याचा चिखल पुन्हा उडविला. स्मॉल्सने त्याचा इन्कार केला, आणि मग आपल्यावरून विषय काढून तो आपल्या लोकांवर नेला : आपल्या वंशाला विशेष समर्थनाची गरज नाही, त्याचा या देशातील पूर्वेतिहास त्याची कोणाशीही बरोबरी सिद्ध करतो, त्याला केवळ जीवनसंग्रामात समान संधी हवी, असा त्या भाषणाचा आशय होता. मिश्रविवाहबंदीचे कलम आले तेव्हा त्याने एक दुरुस्ती सुचविली. जो गोरा पुरुष काळ्या स्त्रीशी अनैतिक संबंध ठेवील त्यास कोणतेही सार्वजनिक पद धारण करता येऊ नये, आणि त्या संबंधातील संततीस बापाचे नाव व वारसाहक्क मिळावा. त्या सभागृहात कोणत्या घराण्यांचे वंशज बसले होते आणि दास्यकाळात काय घडत आले होते हे प्रत्येक जण जाणून होता. वंशशुद्धीच्या घोषणा करणारे सभासद त्या दुरुस्तीने अवाक झाले. दुरुस्ती अर्थातच फेटाळली गेली. नव्या घटनेने मताधिकारासाठी दोन वर्षांचे वास्तव्य, निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेली डोईपट्टी, आणि घटनेचे कलम वाचून दाखविण्याची किंवा तीनशे डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. शाळा ठेवल्या, पण काळ्यांच्या व गोऱ्यांच्या निरनिराळ्या. सही करण्याची वेळ आली तेव्हा स्मॉल्सने नकार दिला. सही न करणाऱ्यास प्रवासखर्च मिळणार नाही असे सुनावण्यात आले, तेव्हा सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टपर्यंत पायी चालत जाईन, असे त्याने उत्तर दिले.

यानंतर निवडणुकीच्या राजकारणात त्याला स्थान उरले नाही. तो जकातीचे काम पाहत राहिला, प्रिन्स स्ट्रीटवरील घरात राहिला. १९१३ त अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत त्याची नोकरी गेली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये त्याच घरी त्याचा अंत झाला. टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असे त्याने ज्या संस्थानात सुचविले होते, त्याच्या विधिमंडळाने शालेय उपस्थिती सक्तीची करणारा कायदा संमत केला तो त्याच १९१५ साली, ठरावानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. आणि तोही, आपापल्या भागात लागू करावा की न करावा हे स्थानिक मतदारांवर सोपवून, म्हणजे ज्यांची नावे मतदारयादीतून उतरविली गेली होती त्यांना वगळून उरलेल्यांवर.